शेवटच्या बसच्या आधी : जपानच्या गावांतील उन्हाळी भटकंतीचे अनुभव

जपानला जाऊन आलेल्या मराठी माणसाला प्रवासाविषयी विचारले, की गोष्ट टोकियो, क्योतो, फुजी आणि बुलेट ट्रेन या चौकडीबाहेर सहसा जात नाही. हा धागा त्या चौकडीबाहेरच्या प्रवासासाठी आहे. यात्रा कंपनीबरोबर न जाता, स्वतः आखणी करून, जून ते सप्टेंबर या काळात ज्यांनी तेथील लहान गावांतून आणि खेड्यांतून भटकंती केली आहे, त्यांनी आपले अनुभव सविस्तर लिहावेत. प्रेक्षणीय स्थळांची यादी नको. गाडी कशी मिळाली, कुठे चुकली, काय खाल्ले, कुठे अडलात आणि त्यातून कसे सुटलात, ते लिहावे. सुरुवात मीच करतो.

मी २०२३ च्या ऑगस्टमध्ये ‘सेइशुन जूहाची किप्पु’ या तिकिटावर टोकियोहून ईशान्येकडील तोनो या गावी गेलो. नावाचा अर्थ ‘तारुण्याचे अठरा’ असा असला, तरी या तिकिटाला वयाची अट नाही; माझ्या डब्यात माझ्यासारखे पन्नाशी ओलांडलेलेही पुष्कळ होते. त्यावर जेआरच्या, म्हणजे जपान रेल्वेच्या, साध्या आणि जलद गाड्यांतून दिवसभर वाटेल तितके फिरता येते. बुलेट ट्रेन मात्र वर्ज्य. त्या वर्षी १२,०५० येनमध्ये हंगामातील कोणतेही पाच दिवस निवडता येत आणि एक तिकीट दोघातिघांत वाटूनही घेता येई. २०२४ च्या हिवाळ्यापासून ती मोकळीक गेली. आता १०,००० येनमध्ये सलग तीन किंवा १२,०५० येनमध्ये सलग पाच दिवस मिळतात, आणि तेही एकालाच. तरीसुद्धा, परदेशी पर्यटकांसाठीचा सात दिवसांचा जेआर पास ऑक्टोबर २०२३ मध्ये २९,६५० वरून एकदम ५०,००० येनवर गेल्यानंतर, ज्याच्याकडे पैशांपेक्षा वेळ अधिक आहे त्याने प्रथम याच तिकिटाचा विचार करावा, असे माझे मत आहे.

टोकियो ते सेंदाई हे सुमारे ३५० किलोमीटरचे अंतर बुलेट ट्रेन दीड तासात कापते. मला उत्सुनोमिया, कुरोइसो, शिन-शिराकावा, कोरियामा आणि फुकुशिमा अशा पाच ठिकाणी गाडी बदलत जवळजवळ सात तास लागले. गाडी बदलण्यास मिळणारी मिनिटे इतकी मोजकी असतात, की दार उघडताच अवघा डबा जिन्याकडे धावतो. मुंबईत वाढल्याचा मला परदेशात झालेला हा एकमेव प्रत्यक्ष लाभ. दुसऱ्या दिवशी हानामाकीहून कामाइशी मार्गावरील डिझेल गाडी पकडली. अशा गाड्यांवर ‘वानमान’ लिहिलेले असते, म्हणजे चालकच तिकिटे पाहतो आणि पैसेही घेतो. कर्मचारी नसलेल्या स्थानकावर बहुधा पहिल्या डब्याचे पुढचे दारच उतरण्यासाठी उघडते, हे मला ठाऊक नव्हते. तोनोच्या अलीकडील एका लहान स्थानकावर उतरायचे म्हणून मी मागच्या दाराशी बॅग घेऊन सज्ज उभा राहिलो, आणि गाडी मला घेऊन पुढे निघाली. परतीची गाडी दोन तासांनी होती. मग बेत बदलून तोनोतच सायकल भाड्याने घेतली आणि भातखाचरांमधून ‘काप्पा’ या पाण्यातील भुताच्या डोहापर्यंत गेलो. जोकेनजी मंदिरामागच्या त्या संथ ओढ्याच्या काठी गळाला काकडी लावून ठेवलेली असते, कारण काप्पाला काकडी प्रिय. कोकणातला गिऱ्हा अधिक निर्दय. काकडीवर त्याची बोळवण होईल असे वाटत नाही.

पुण्याहून, शाकाहारी दांपत्य

वरील लेखकाने खाण्याविषयी काहीच लिहिले नाही, यावरून ते मांसाहारी असावेत. आम्ही जुलैत किसो खोऱ्यात होतो आणि आमच्या प्रवासाचा निम्मा वेळ ‘दाशी’ या एका शब्दाने घेतला. दाशी म्हणजे सूप-आमटीचा मूळ अर्क, बहुधा कात्सुओबुशीचा, म्हणजे सुक्या मासळीच्या किसाचा. तो मिसो सूपमध्ये असतो, सोबा नूडल्सच्या आमटीत असतो, आणि निव्वळ भाजी दिसणाऱ्या वाटीतही असतो. ‘निकु नाशी’, म्हणजे मांस नको, एवढे सांगून भागत नाही. मासा हा मांसात मोजला जात नसल्याने यजमान प्रामाणिकपणे होकार देतात आणि तेवढ्याच प्रामाणिकपणे मासळीचा अर्क घातलेले सूप पुढे ठेवतात. मांस, मासे आणि मासळीची दाशी या तिन्हींना नकार देणारे वाक्य जपानी लिपीत कागदावर लिहून नेणे, आणि ते जेवायच्या वेळी नव्हे तर खोली राखून ठेवताना कळवणे, हाच खरा उपाय. लहान गावातील मिनशुकुमध्ये, म्हणजे कुटुंबाने चालवलेल्या घरगुती विश्रामगृहात, संध्याकाळी सहाला जेवण असते आणि त्याची खरेदी सकाळीच झालेली असते.

बाकीच्या वेळी आम्हांला मेतकुटाने तारले. कोन्बिनीत, म्हणजे रोजच्या गरजेच्या वस्तूंच्या छोट्या दुकानात, गरम करून मिळणारा भात आपल्या आंबेमोहोराइतकाच मऊ आणि चिकट असतो. त्यावर मेतकूट, सोबत काकडी. मागोमे ते त्सुमागो ही एदो (आजचे टोकियो) आणि क्योतो यांना जोडणाऱ्या जुन्या नाकासेंदो मार्गावरील सुमारे आठ किलोमीटरची पायवाट आम्ही याच शिदोरीवर चाललो. मागोमेहून निघावे, म्हणजे चढ कमी आणि उतार जास्त लागतो. वाटेवर ठिकठिकाणी अस्वलांना चाहूल लागावी म्हणून घंटा टांगलेल्या आहेत. देवळात शिरल्यासारखी प्रत्येक घंटा वाजवण्याचा मोह आम्हांला आवरला नाही, आणि येथे तो मोह आवरूही नये.

सातारा, निवृत्त शिक्षिका

शिकोकू बेटावरील ८८ मंदिरांची परिक्रमा सुमारे १,२०० किलोमीटरची आहे. मी त्यातील पहिली २३ मंदिरे, म्हणजे तोकुशिमा प्रांतातील भाग, जूनमध्ये एकटीने पायी केला. जून हा तेथील पावसाळा असून जाणकार यात्रेकरू वसंतात किंवा शरदात जातात, हे मी आधी वाचले होते. पण ज्येष्ठ-आषाढात चालण्याचीच पायांना सवय असल्याने दुर्लक्ष केले. पावसाने त्रास दिला नाही, दमट उष्म्याने दिला. अकराव्या फुजिइदेरापासून बाराव्या शोसानजीपर्यंतची तेरा किलोमीटरांची डोंगरवाट ‘यात्रेकरूंना गडगडवणारी’ या अर्थाच्या नावाने ओळखली जाते. तेथे मला दोनदा वाटले, की आता येथेच बसावे आणि कोणी न्यायला येईल तर जावे.

वारीशी तुलना मनात येणारच होती, पण ती चालत चालत बदलत गेली. वारीत माणूस दिंडीत असतो. चूक झाली तर मागचा सावरतो, अभंग विसरला तर शेजारचा उचलतो. येथे मी अर्धा अर्धा दिवस एकही माणूस न पाहता चालले. यात्रेकरूच्या टोपीवर मात्र ‘दोग्यो निनिन’, म्हणजे ‘दोघे सहप्रवासी’, असे लिहिलेले असते. दुसरा प्रवासी म्हणजे कोबो दाइशी. नवव्या शतकात शिंगोन हा बौद्ध पंथ स्थापन करणारे हे कूकाई याच बेटावर ७७४ साली जन्मले. हातातील काठी म्हणजे तेच, म्हणून मुक्कामाला पोचल्यावर स्वतःचे पाय धुण्याआधी काठीचे टोक धुवायचे.

वाटेत गावकरी ‘ओसेत्ताई’ देतात: कधी जवाचा थंड चहा, कधी संत्री, एकदा तर शंभर येनचे नाणे. ते नाकारायचे नसते. एका आजीबाईंनी दिलेल्या दोन काकड्या ‘नको, आपल्याला कशाला त्रास’ या आपल्या पद्धतीने मी परत करू लागले, तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. बदल्यात आपल्या नावाची छोटी कागदी पट्टी द्यायची असते, हे मला पुढच्या मंदिरात कळले, आणि त्या आजींना ती पट्टी देता आली नाही ही रुखरुख राहिली.

भाषा मला येत नव्हती. पण मंदिरासमोर सगळे जण जे प्रज्ञापारमिता हृदयसूत्र म्हणतात, त्याच्या अखेरीस ‘ग्याते ग्याते हारा ग्याते’ ऐकू आले आणि अंगावर काटा आला. ‘गते गते पारगते पारसंगते बोधि स्वाहा’ मीही म्हणू लागले, तेव्हा शेजारचे गृहस्थ थांबून माझे उच्चार ऐकत राहिले. थडग्यांवरील लाकडी पाट्यांवर भारतातून गेलेल्या सिद्धम् लिपीतील बीजाक्षरे असतात. त्यांतील एखादे ओळखीचे वळण दिसले, की पाटीवर लिहून शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माझ्यासारखीला तेथून पाय उचलणे जड जाई. यात्रेकरू ज्या वहीत प्रत्येक मंदिराचा शिक्का घेतात, तिच्यासाठीचे मंदिराचे कार्यालय संध्याकाळी पाचला बंद होते, एवढे मात्र ध्यानात ठेवावे.

सिंगापूर, एकटीने सायकलप्रवास

माझा अनुभव थोडका आहे, कारण प्रवासच अर्धा झाला. ओनोमिची ते इमाबारी हा शिमानामी काइदोचा सुमारे ७० किलोमीटरचा सायकलमार्ग सहा बेटांवरून आणि समुद्रावरील पुलांवरून जातो. रस्त्याच्या कडेला निळी रेघ आखलेली आहे, त्यामुळे वाट चुकण्याची सोयच नाही. पुलांवर चढणारे वळणदार रस्तेही सौम्य आहेत. चूक झाली ती ऑगस्टमध्ये सकाळी दहाला निघण्याची. सिंगापुरात राहणाऱ्याला उकाड्याचे काय, या गर्वाने मी निघाले आणि तिसऱ्या बेटावर, इकुचिजिमावर, लिंबांच्या बागांच्या सावलीत डोके गरगरू लागले. सिंगापुरातला उकाडा आपण वातानुकूलित खोलीतून पाहतो, हे तेथे उमगले. एका दुकानदार बाईंनी न विचारता पंखा माझ्याकडे वळवला आणि मिठाची गोळी हातावर ठेवली. भाड्याची सायकल वाटेतील ठरावीक केंद्रांवर परत करता येते. तशी ती तेथेच सोडून मी बोटीने परतले. पहाटे पाचला निघावे आणि अकराला सावली गाठावी. कुरुशिमाचा चार किलोमीटरचा पूल अजून बाकी आहे.

नागपूर, बँक कर्मचारी

कामठीचा ड्रॅगन पॅलेस हा बुद्धविहार आणि मूळचे जपानी भदंत सुरई ससाई यांच्यामुळे नागपूरकराला जपान अगदीच परके नाही. आम्ही चौघे मित्र ओसाकाच्या उन्हाला कंटाळून कोयासान या डोंगरावरील मंदिरांच्या गावी गेलो. नाम्बाहून नानकाई रेल्वेने गोकुराकुबाशी, म्हणजे ‘सुखावतीचा पूल’, आणि तेथून केबलकारने वर. सुमारे ८०० मीटर उंचीमुळे हवा एकदम हलकी होते. कूकाई यांनीच वसवलेल्या या डोंगरावर स्त्रियांना प्रवेशबंदी होती आणि ती सरकारने १८७२ साली उठवली. डोंगराच्या वाटेवर स्त्रियांना जेथवर येता येई, तेथील एक ‘न्योनिनदो’, म्हणजे स्त्रियांसाठीचा प्रार्थनामंडप, अजून उभा आहे. तो पाहून मग कोयासान विद्यापीठाच्या आवारात गेलो, जेथे २०१५ साली बाबासाहेबांच्या पुतळ्याचे अनावरण झाले. हा क्रम आम्ही ठरवला नव्हता, पण तो तसाच व्हायला हवा होता असे आता वाटते. जवळून जाणाऱ्या एका विद्यार्थ्याने आम्हांला वाकून नमस्कार केला आणि आमच्या चौघांचे छायाचित्र काढून दिले.

पुण्याच्या ताईंसाठी: येथील मंदिरांतील मुक्कामात शोजिन पद्धतीचे, म्हणजे बौद्ध भिक्षूंचे शाकाहारी, जेवण मिळते. दाशी समुद्रशैवालाची आणि अळंब्यांची असते, कांदा-लसूणही नसतो, आणि गोठवून सुकवलेले तोफू तर याच डोंगराच्या नावाने ओळखले जाते. जेवण साडेपाचला, सकाळची प्रार्थना सहाला. १३ ऑगस्टच्या संध्याकाळी ओकुनोइनच्या दफनभूमीतील वाटेवर हजारो मेणबत्त्या लावतात; आम्ही ती रात्र एका दिवसाने चुकवली.

टोकियो, मूळ गाव राजापूर तालुका

मी टोकियोत नोकरी करतो. ओबोन म्हणजे पितरांच्या आगमनाचा सण. टोकियोत अनेक ठिकाणी तो जुलैत होतो आणि बाकीच्या बहुतेक देशात १३ ते १६ ऑगस्टला. जुलैत माझ्या शेजाऱ्यांच्या दारात काड्यांचे पाय लावलेली काकडी आणि वांगे दिसले होते. काकडी हा घोडा, पितरांनी लवकर यावे म्हणून. वांगे ही गाय, त्यांनी सावकाश परतावे म्हणून. ऑगस्टमध्ये सारे शहर आपापल्या गावी निघते आणि गाड्यांची आरक्षणे महिनाभर आधी सुटताच संपू लागतात. गणपतीला कोकण रेल्वेचे तिकीट काढलेल्याला हे समजावून सांगावे लागत नाही. मला गावी जाता येत नव्हते, म्हणून दुसऱ्यांच्या गावी जावे असे ठरवून शिकोकूच्या इया खोऱ्यात गेलो.

ओबोके स्थानकावरून बसने वेलींच्या पुलापाशी पोचलो. पंचेचाळीस मीटर लांबीचा तो पूल दर तीन वर्षांनी नव्याने विणतात. आत पोलादी दोर आहेत हे ठाऊक असूनही फटींतून खालची नदी दिसली, की पाय आपोआप अडतो. माझे मन मात्र त्याहून खोलवर असलेल्या नागोरोत गुंतले. गावात तीसहून कमी माणसे उरली आहेत आणि गेलेल्यांच्या जागी कापडाच्या, माणसाएवढ्या बाहुल्या आहेत: बसथांब्यावर, बांधावर, आणि २०१२ साली बंद झालेल्या शाळेच्या वर्गातही. लोक त्यांना विचित्र म्हणतात, काही जण भीतीदायकही म्हणतात. मला तसे वाटले नाही. आमच्या वाडीतही अकरा घरांपैकी सातांना कुलूप असते आणि गणपतीचे दिवस सोडता ओटीवर कोणी बसलेले दिसत नाही. तेथे कोणी बाहुली बसवली, तर निदान दिवा लावायची आठवण राहील. २०२३ च्या पाहणीत साऱ्या जपानात ९० लाख घरे रिकामी आढळली.

बाहुल्यांच्या नादात बस गेली. आपल्याकडे निदान मुक्कामी एसटी तरी येते; येथे गेलेली बस ही त्या दिवसाची शेवटची होती. पाच वाजता गावाच्या भोंग्यातून एक संथ धून वाजली आणि पुन्हा सारे शांत झाले. मी रस्त्याने चालू लागलो, मुक्काम वीसेक किलोमीटर दूर. अर्ध्या तासाने एक छोटा पांढरा ट्रक, आपल्या छोट्या हत्तीसारखाच पण त्याहून बुटका, माझ्याशेजारी थांबला. सत्तरी ओलांडलेले आजोबा काही न विचारता ‘नोरे’, म्हणजे ‘चढ गाडीत’, एवढेच म्हणाले. मागे त्यांची नात आणि मुलगा दुसऱ्या गाडीने येत होते. ओसाकाहून तीन दिवसांसाठी आले होते आणि नुकतीच सर्वांनी मिळून थडगी धुतली होती. गावी कोण असते, या त्यांच्या प्रश्नाला मी ‘आई’ म्हणालो. ओबोनला गेला नाहीस का, असे त्यांनी विचारले, आणि आमचा ओबोन पुढच्या महिन्यात असतो, असे काहीतरी मी सांगून टाकले.

उतरताना पैसे देणे अपमानाचे झाले असते. माझ्या पिशवीत आईने पाठवलेल्या आमसुलांची पुडी होती, ती दिली. आजोबांनी तेथेच एक तोंडात टाकले, डोळे मिटले, आणि बऱ्याच वेळाने म्हणाले, “उमेबोशी?”, म्हणजे तिकडचे खारवलेले आंबट फळ का. मी नाही म्हणालो. त्यांनी दुसरे काढले, ते मागच्या गाडीतील नातीला दिले, आणि ती काय म्हणते याची आम्ही दोघे वाट पाहत उभे राहिलो.