डिस्चार्जनंतरची सेवा आणि हातातला मोबाइल : तुमचे अनुभव

डिस्चार्जच्या दिवशी बिल, फाइल, औषधांची पिशवी या धावपळीत सिस्टर भराभर सूचना देतात आणि घरी पोचेपर्यंत त्यातल्या निम्म्या डोक्यातून गेलेल्या असतात. पुढे पेशंटचं सगळं करताना मोबाइल नक्की कुठे उपयोगी पडला आणि कुठे नुसता ताप झाला, ते लिहा. अ‍ॅपची जाहिरात नको. औषधाचा डोसही कुणी कुणाला सुचवू नका. सुरुवात मी करते.

सासऱ्यांना पक्षाघातानंतर नाकातल्या नळीसकट घरी सोडलं. निघण्याआधी सिस्टरना विचारून मी भरवण्याचा अख्खा व्हिडिओ काढला. आधी नळीवरची खूण नाकपुडीपाशी जागच्या जागी आहे ना ते बघायचं, डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश उचलायची. सिरिंजचा दट्ट्या काढून नुसतं नळकांडं वर धरायचं, पातळ अन्न आपसूक उतरतं. दाबून ढकलायचं नाही. शेवटी पाण्याने नळी धुवायची आणि निदान अर्धा तास आडवं करायचं नाही. कागदावर यातलं एवढंच होतं : ‘नळीतून आहार’. रात्री नवऱ्याची पाळी असे तेव्हा तो फोन उशाशी टेकवून, व्हिडिओ थांबवत थांबवत भरवायचा.

*

आमच्या आईला हार्ट फेल्युअर, म्हणजे हृदय कमजोर झाल्याने अंगात पाणी साठतं. रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी वजन करायचं आणि काट्याचा फोटो ग्रुपवर टाकायचा, हे दादाने ठरवलं. तो परदेशात असतो, त्यामुळे मला आधी राग आला; हुकूम सोडायला काय जातं! पण २-३ दिवसांत २ किलो वाढलं तर कळवा, असं डॉक्टरांनीच सांगितलं होतं. एकदा तसंच झालं. पायावर सूज अगदी थोडी होती, दम तर नव्हताच. फोटो ओळीने समोर होते म्हणून फोनवर नेमकं सांगता आलं आणि डॉक्टरांनी त्याच दिवशी बोलावून औषध बदललं.

*

ग्रुपचं म्हणाल तर दोन करा. एक नातेवाइकांचा, तो म्यूट. दुसरा प्रत्यक्ष हात लावणाऱ्यांचा. आमच्याकडे पहिल्या ग्रुपवर काढ्यांचे इतके फॉरवर्ड यायचे की ड्रेसिंगची तारीख त्यात बुडायची.

*

अलार्म बंद केला म्हणजे गोळी दिली असं होत नाही. अर्धवट झोपेत हात आपोआप जातो. आम्ही गोळी दिल्यावरच ग्रुपवर ‘दिली’ लिहितो. माझ्या आईला वाचता येत नाही, ती बोलून पाठवते : ‘पांढरी लांबुडकी दिली, गुलाबी राहिलीय.’

*

बाबांना पाठीला बेडसोर, म्हणजे सतत पडून राहिल्याने होणारी जखम, झाला होता. दर २ तासांनी कूस बदलायच्या पाळ्या सगळ्यांच्या कॅलेंडरमध्ये टाकल्या, ते बरं चाललं. जखमेचा फोटो मात्र ग्रुपवर गेला आणि सगळ्यांच्या गॅलरीत जाऊन बसला. भाच्याच्या फोनवर बाबांनी तो पाहिला. काही बोलले नाहीत, पण पुढच्या वेळी चादर सोडेनात. मग फोटो फक्त डॉक्टरांना, तोही त्यांना विचारून. दिवसाच्या उजेडात, दर वेळी तेवढ्याच अंतरावरून, बाजूला मोजपट्टी ठेवून काढा. रोज बघणाऱ्याच्या डोळ्याला फरक कळत नाही.

*

एक विचारायचं होतं. बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन मोजायचा ऑक्सिमीटर मध्येच ८४ टक्के दाखवतो, मिनिटाभरात ९६. फोटो कुठला पाठवायचा?

*

बोटं गार असली किंवा नेलपॉलिश असलं तर आकडा चुकतो. हात चोळून गरम करा, हात स्थिर ठेवा, आकडा ठरला की मग फोटो. पण धाप लागली असेल, ओठ निळसर दिसत असतील, तर फोटो काढत बसू नका, सरळ दवाखाना गाठा.