भाच्याला मालीतल्या सोन्याच्या खाणीवर नोकरी: कंपनी आणि सरकारचं परवान्यावरून वाजलं तर कामगाराचं काय? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी. परदेशात खाणीवर काम केलेलं कोणी इथे असेल तर जरा मार्ग दाखवा.

बहिणीचा मुलगा, वय 27, मेकॅनिकलचा डिप्लोमा. चार वर्षं मेट्रोच्या कामावर पोकलेन, हायड्रा, डंपर दुरुस्त करतोय. हायड्रॉलिक पंप उघडून बसला की जेवणाची शुद्ध नसते त्याला. अंधेरीच्या एका एजंटमार्फत पश्चिम आफ्रिकेतल्या माली देशात सोन्याच्या खाणीवर मेंटेनन्सची ऑफर आलीय. नोकरी खाणकंपनीची नाही, तिची यंत्रं सांभाळणाऱ्या ठेकेदाराची. बारा आठवडे काम, चार आठवडे सुट्टी, पगार इथल्या अडीचपट. ताई खूश, भावोजी गप्प, आणि परळचा मामा, म्हणजे मी, नसती उठाठेव करतोय.

एजंट खाणीचं नाव सांगत नाही. "सेनेगलच्या बॉर्डरकडे" एवढंच. त्या बाजूची सगळ्यात मोठी खाण लूलो-गुंकोतो, म्हणून तिच्याबद्दल वाचायला बसलो आणि झोप उडाली. कॅनडाच्या बॅरिक कंपनीचे तिच्यात 80 टक्के, माली सरकारचे 20. सरकारने 2023 मध्ये नवा खाण कायदा आणला, त्यात स्वतःचा हिस्सा वाढवायची सोय केली आणि वर जुन्या करांची थकबाकी मागितली. कंपनी म्हणे आमचे करार आधीचे, ते पाळा. नोव्हेंबर 2024 मध्ये कंपनीच्या चार कर्मचाऱ्यांना आत टाकलं. डिसेंबरात बड्या साहेबावर, मार्क ब्रिस्टोवर, अटक वॉरंट. सोन्याची निर्यात रोखली, जानेवारी 2025 मध्ये सुमारे 3 टन सोनं खाणीवरून हेलिकॉप्टरने उचलून नेलं, मग कंपनीने कामच थांबवलं. जूनमध्ये राजधानी बामाकोच्या कोर्टाने खाण सहा महिन्यांसाठी प्रशासकाच्या हाती दिली. नोव्हेंबर 2025 मध्ये तडजोड झाली, तेव्हा कुठे ते चौघे सुटले. ही एकच कंपनी नाही. रेझोल्यूट या ऑस्ट्रेलियन कंपनीचा प्रमुख बामाकोत बोलणी करायला गेला, त्यालाच अडकवून ठेवलं. 16 कोटी डॉलर द्यायचं कबूल केल्यावर सोडलं.

कोण बरोबर हा माझा प्रश्नच नाही. सोनं त्यांच्या जमिनीतलं, देश गरीब, सरकारला राग येणार हे कळतं. पण कंपनीला दाद मागायला वॉशिंग्टनमध्ये जागतिक बँकेचं लवाद केंद्र आहे, बॅरिक तिथे गेलीही होती. डंपरखाली उताणा झोपून काम करणाऱ्या फिटरने कुठे जायचं?

माझे वडील गिरणीत होते. 1982 च्या संपानंतर मालक, सरकार, युनियन यांचं काय चाललंय ते आम्हाला पेपरातून कळायचं. ग्रॅच्युइटी हा शब्द मी दहावीच्या आधी शिकलो. त्यामुळे कराराचा कागद दिसला की मी आधी शेवटची पानं बघतो.

इथेही तेच केलं. करार म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेले वाकडेतिकडे फोटो. नवव्या पानावर कोणाच्या तरी अंगठ्याची सावली, आणि तिच्याखालच्या इंग्रजी कलमाचा अर्थ असा: सरकारी आदेश, परवाना रद्द होणं, निर्यातबंदी किंवा साइट बंद राहणं यामुळे काम थांबलं तर करार त्या दिवसापासून "निलंबित", त्या काळाचा पगार नाही. आता तिसरं पान बघा. परतीचं तिकीट "करार पूर्ण केल्यास". निलंबित करार पूर्णही नाही आणि संपलेलाही नाही. म्हणजे पोरगं तिकडे बिनपगारी बसणार आणि तिकीट मागायचा हक्कही नाही, असंच ना? की मी उगाच शंका काढतोय? आणि त्याचं वर्क परमिट कोणाच्या नावावर असतं, खाणीच्या की ठेकेदाराच्या?

अपहरणाचं माहीत आहे. 1 जुलै 2025 ला, लूलो-गुंकोतो ज्या कायेस भागात आहे त्याच भागातल्या सिमेंट कारखान्यातून तीन भारतीयांना पळवलं होतं. "जाऊच देऊ नका" हे मला पटतं, भाच्याला पटत नाही. त्याने पिवळ्या तापाची लसही टोचून घेतली.

गॅरेजवाला_ठाणे: मामा, शंका रास्त आहे. मी सहा वर्षं घाना आणि झांबियात काढली. हे कलम सगळीकडे असतं, पण त्याला मुदत घालून घ्यायची: काम 30 दिवसांपेक्षा जास्त थांबलं तर करार संपला, तोवर मूळ पगार चालू आणि आठवड्यात तिकीट. नाही म्हणाले तर समजून जा. पगार दरमहा इथल्या खात्यात. परमिट बहुधा ठेकेदाराच्या नावावर असतं, पण लेखी विचारा. पद काय लिहिलंय तेही बघा. फिटरला कागदावर "साइट इन-चार्ज" करतात आणि वाकडं झालं की आधी त्यालाच बोलावतात.

आणखी एक. दहावी पास म्हणजे त्याचा पासपोर्ट ईसीएनआर, म्हणजे नोकरीला जाताना सरकारी मंजुरी न लागणारा, असणार. शिवाय ज्यांच्यासाठी ती मंजुरी लागते त्या 18 ईसीआर देशांत माली नाही. म्हणजे जाण्याआधी सरकारी मंजुरीची पायरीच नाही, कागद तुम्हीच तपासायचे. एजंट मात्र नोंदणीकृतच लागतो. सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नाव बघा. त्याला जास्तीत जास्त 30,000 रुपये अधिक जीएसटी घेता येतात. गेलाच तर पहिल्या दिवशी बामाकोच्या भारतीय दूतावासात नोंद.

परळचा_मामा: धन्यवाद दादा. आत्ताच पोर्टल बघितलं. त्याचं नाव नाही. मिळतंजुळतं एक आहे, पण पत्ता दुसऱ्याच शहरातला. आणि याने 1 लाख 40 हजार "प्रोसेसिंग" मागितलेत, पैकी 40 हजार ताईने देऊन टाकले, मला आज कळलं. पावती नाही, जीपेचा स्क्रीनशॉट आहे. पासपोर्ट व्हिसासाठी म्हणून त्याच्याकडेच पडलाय. उद्या 11 वाजता मी आणि भाचा अंधेरीला जातोय. पासपोर्ट आधी मागू की पैसे? मुंबईतल्या प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सच्या (परदेशी नोकरीला जाणाऱ्यांसाठीचा सरकारी अधिकारी) ऑफिसात कोणी तक्रार केली असेल तर सोबत काय काय न्यायचं तेवढं रात्रीत सांगा. मी जागा आहे.