पीटर टॉश ‘वेलर्स’मधून बाहेर का पडले?

प्रश्न: बॉब मार्ली आणि बनी वेलर यांच्यासह जमैकाच्या किंग्स्टनमध्ये ‘वेलर्स’ हा रेगे संगीताचा बँड उभा करणारे पीटर टॉश १९७४ च्या सुमारास वेगळे का झाले?

प्रतिसाद १: बँडची रेकॉर्ड कंपनी आयलंड रेकॉर्ड्सचे ख्रिस ब्लॅकवेल मार्लींनाच पुढे करतात, अशी त्यांची तक्रार होती, ‘गेट अप, स्टँड अप’ या गाण्याच्या सहलेखकाला हे खटकणे मला तरी स्वाभाविक वाटते.

प्रतिसाद २: टॉश यांचा स्वभावही तितकाच परखड होता. एप्रिल १९७८ मधील शांतता मैफलीत, पंतप्रधान मायकेल मॅनली आणि विरोधी पक्षनेते एडवर्ड सीगा उपस्थित असताना, त्यांनी गांजाबंदी व पोलिसी दडपशाहीवरून दोघांनाही मंचावरून सुनावले. त्याच वर्षी पोलिसांनी त्यांना बेदम मारहाण केली.

प्रतिसाद ३: ११ सप्टेंबर १९८७ रोजी घरात शिरलेल्या सशस्त्र लुटारूंनी त्यांची हत्या केली. त्यांच्या ‘नो न्यूक्लियर वॉर’ अल्बमला ग्रॅमी मिळाले ते त्यानंतर, १९८८ मध्ये.