मदत हवी आहे: शूटआउटमधले ८ सेकंद

आमच्याकडे शाळकरी मुलींची हॉकी स्पर्धा आहे, बरोबरी झाली तर शूटआउट (एकटी खेळाडू विरुद्ध गोलरक्षक). २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेतली महिला हॉकीची भारत-ऑस्ट्रेलिया उपांत्य लढत आठवतेय ना? शूटआउटमध्ये आपली गोलरक्षक सविताने ऑस्ट्रेलियाचा पहिला प्रयत्न अडवला, पण घड्याळच सुरू झालं नव्हतं म्हणून तो पुन्हा घेतला आणि गोल झाला. अजून चीड येते. आमच्या गोलरक्षक पोरींवर असला अन्याय नको.

नियम वाचलेत: २३ मीटर रेषेवरून सुरुवात, पंचांची शिट्टी, गोल करायला ८ सेकंद. आमच्याकडे मोठं घड्याळ नाही, साधं स्टॉपवॉच आणि हॉर्न. वेळ मोजणारा टेबलावर, पंच मैदानात.

जिल्हा-राज्य पातळीवर पंच म्हणून काम केलेल्यांनी सांगा: स्टॉपवॉच दाबायचं राहिलं आणि चेंडू अडवला गेला, तर प्रयत्न पुन्हा घ्यायचा का, आणि ते ठरवायचं कुणी?