मदत हवी आहे : कसारा घाटातल्या दगडातले पांढरे स्फटिक

नमस्कार मंडळी. मी नववीला भूगोल शिकवते. गेल्या रविवारी कसारा घाटात रस्त्याकडेला पडलेला एक दगड उचलून आणला. आपला नेहमीचाच काळा बेसाल्ट, पण त्यात पांढरट, चपट्या पट्ट्या रुतल्या आहेत. एक तर माझ्या करंगळीएवढी लांब! भोवतालच्या काळ्या भागात मात्र भिंगातूनही कण वेगळा दिसत नाही.

वर्गात मी सांगते की लाव्हा उघड्यावर लवकर थिजतो म्हणून बेसाल्ट बारीक कणांचा, आणि ग्रॅनाइट खोलवर सावकाश निवतो म्हणून त्याचे कण डोळ्यांना दिसतात. मग एकाच दगडात दोन्ही कसे? माझा अंदाज असा: ते प्लॅजिओक्लेज फेल्डस्पार (बेसाल्टातलं एक नेहमीचं खनिज), खाली शिलारसात आधीच सावकाश वाढलेले आणि उद्रेकात उरलेल्या रसासोबत वर आलेले. पट्ट्या बहुतेक एकाच दिशेने आडव्या आहेत, तो वाहण्याचा परिणाम असावा.

शंका एवढीच की हे झिओलाइट खनिज तर नसेल ना? दख्खनच्या बेसाल्टात बुडबुड्यांच्या पोकळ्यांमध्ये तेही पांढरंच भरतं. पण त्या पोकळ्या गोलसर असतात. शिवाय स्टिलबाइट (झिओलाइटचाच एक प्रकार) किंवा तशाच पोकळ्यांत भरणाऱ्या कॅल्साइटवर चाकूचा ओरखडा सहज उठतो, इथे उठला नाही. एवढी खूण पुरेशी आहे का?

आणि नाशिक-पुण्याकडे सूक्ष्मदर्शकासाठी दगडाचा पातळ छेद कुणी करून देतं का? खर्च साधारण किती येतो? पोरांना तो दाखवायची फार इच्छा आहे.