मदत हवी आहे: केबल मार्टिन यांच्यासारखी वनस्पतीचित्रे काढायची आहेत

विल्यम केबल मार्टिन (१८७७–१९६९) हे इंग्लंडमधले अँग्लिकन पाद्री. १९०२ मध्ये दीक्षा घेतली, आधी उत्तरेत आणि पुढे डेव्हनमध्ये चर्चची सेवा केली. वनस्पतिशास्त्र हा पेशा नव्हे, फक्त आवड. पण त्या आवडीपायी त्यांनी ब्रिटनमधल्या जवळपास १,४०० रानफुलांची रंगीत चित्रे काढली आणि त्यांचा ग्रंथ १९६५ मध्ये आला, तेव्हा ते ८७ वर्षांचे होते! तो हातोहात खपला. १९६७ मध्ये त्यांच्या चित्रांची टपाल तिकिटेही निघाली.

मला भुरळ पडली ती त्यांच्या पानांच्या मांडणीची. एकाच कुळातल्या कितीतरी वनस्पती एका पानावर, एकमेकींत गुंतलेल्या, तरी प्रत्येक स्पष्ट ओळखू येते. मी जलरंगात प्रयत्न करते आहे, पण चार फांद्या काढल्या की नुसती गर्दी होते.

कोणी वनस्पतीचित्रण केले आहे का? आधी पेन्सिलीने पूर्ण पान आखून घ्यावे, की प्रत्येक रोप वेगळे रेखाटून मग एकत्र जुळवावे? आणि तोडलेले फूल रंगवून होईपर्यंत ताजे कसे ठेवता? माझी तासाभरात मान टाकतात.