स्प्रे गनला हवा किती ठेवायची? सागवानी दारावर मेलामाइन (लाकडाचं पॉलिश) मारालोय

खानापूरकर
सीलर (लाकडाची छिद्रं बुजवणारा पहिला हात) मारून ३२० चा पॉलिश पेपर फिरवलाय, आता मॅट मेलामाइन. वर कप असलेली साधी गन, १.४ चं नोझल, १ एचपीचा कॉम्प्रेसर. रेग्युलेटरवर ४० पीएसआय (हवेचा दाब) दिसतंय तरी संत्र्याच्या सालीगत येतंय. कोण म्हणतंय ६० कर, कोण म्हणतंय २५. गणपतीच्या आत दार बसवायचं हाय.

उद्यमबागवाला
ते ४० ट्रिगर सोडून की दाबून? ट्रिगर दाबून धरा आणि तेव्हा काटा बघा, तोच खरा आकडा. त्यातलंही थोडं पाइप खातो, लांब आणि बारीक असला तर बरंच. गनच्या बुडाला छोटं गेज लावलं की भानगड मिटली.

निपाणीचा मिस्त्री
आम्ही सरसकट चार किलोवर मारतो. काय होत न्हाई बघा.

उद्यमबागवाला
अण्णा, चार किलो (चौरस सेंटीमीटरला) म्हणजे ५५ पीएसआयच्या वर. निम्मा माल धुक्यात जातो आणि उरलेला दारावर पोचायच्या आधीच सुकायला लागतो. मग हात फिरवला की खरखर. साध्या गनला ट्रिगर दाबून २५ ते ३५ बहुतेक वेळा पुरतं. एचव्हीएलपी (कमी दाबावर जास्त हवा सोडणारी गन) असेल तर गनवर छापलेला आकडा पाळायचा.

खानापूरकर, पुठ्ठा उभा करा, १५ पासून पाच-पाच वाढवत एकेक पट्टा मारा. थेंब मधे आणि कडेला सारखे बारीक झाले की तिथंच थांबा. पट्टा मधेच जाड येत असेल तर हवा कमी किंवा माल घट्ट. मधे विरळ आणि दोन्ही टोकांना जाड, तर हवा जास्त किंवा माल पातळ.

जांबोटी
आमच्याकडं पावसात वेगळीच कटकट. थिनर भराभर उडतं, पृष्ठभाग गार पडतो, हवेतला ओलावा त्यावर बसतो आणि फिनिश पांढरट पडतं. झड लागली असेल तर हवेचा आकडा कितीही बरोबर असू दे, काम थांबवायचं. घाईच असेल तर सावकाश उडणारं थिनर, तेही त्याच कंपनीचं. टाकीतलं पाणी रोज सोडा, नाहीतर गनमधून दारावरच येतंय.

खानापूरकर
बघितलं. ट्रिगर दाबला की ४० चा काटा २२ वर! आणि मारत राहिलं की अजून उतरतोय.

उद्यमबागवाला
मग साल येणारच. १ एचपीला ही गन सलग झेपत नाही. दाबलेल्या ट्रिगरवर ३० येईल एवढं वाढवा, एक पॅनेल मारा, टाकी भरू द्या, मग पुढचं. माल अजून घट्ट वाटला तर डब्यावर लिहिलंय तेवढंच थिनर.

खानापूरकर
आणि पॅनेलच्या खाचा? तिथं ओघळ येतोय.

निपाणीचा मिस्त्री
खाचा आधी मारायच्या. पट्टा बारीक, माल कमी, हवाही जरा कमी, न्हाईतर कोपऱ्यातनं उलटी फिरते. मग सपाट भाग, सात-आठ इंचावरनं, निम्मा पट्टा निम्म्यावर चढवत. आणि मास्क थिनरची वाफ अडवणाऱ्या गाळणीचा घाला, तोंडाला टॉवेल गुंडाळून भागत न्हाई.